ब्राझीलच्या कुरणांवरील स्निग्ध खुराक : श्रेयाचा एक प्रश्न

मांसासाठी पोसलेल्या गुरांना चराईच्या जोडीला स्निग्ध पदार्थ द्यावयाचे, ही कल्पना दिसावयास साधी आहे. पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोनपट ऊर्जा स्नेहात असते. तेव्हा थोडक्या खुराकात जनावर लवकर भरावे, असे कोणासही वाटेल. ब्राझीलच्या उष्णकटिबंधीय कुरणांवर मात्र हा हिशेब इतका सरळ सुटला नाही.

तेथील जनावर मूळचे आपल्याकडचे आणि गवत आफ्रिकेचे. ओंगोल जातीची एक जोडी १८६८ मध्ये साल्वादोर बंदरी उतरली, असे तेथील वंशेतिहासांत नमूद आहे. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतही भारतातून वळू नेण्यात आले. आपण ज्यांना 'ओंगोल' म्हणतो, तीच गुरे तेथे जवळच्याच नेल्लोरवरून 'नेलोर' ठरली. गवताची कथा याहून गमतीची आहे. एम्ब्रापा या सरकारी संशोधनसंस्थेने १९८४ मध्ये प्रसृत केलेले 'मारांदू' हे ब्राकियारिया गवत आफ्रिकेतले, पण नाव ग्वारानी भाषेतले. त्याचा अर्थ 'नवी वार्ता' असा सांगतात.

सेराडोच्या पठारावर पाऊस साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल पडतो. पुढे गवत वाळते व त्यातील प्रथिन पुष्कळदा शुष्कांशाच्या ७ टक्क्यांखाली उतरते. कोटीपोटात तंतू पचविणारे सूक्ष्म जीव नत्रावाचून वाढत नाहीत. ते खुंटले की चारा समोर असूनही जनावर कमी खाते. अशा वेळी नुसते तेल दिले तर ते तंतूंवर पसरते आणि त्यातील असंतृप्त आम्ले त्याच जिवाणूंस विषवत होतात. खुराकातील एकूण स्नेह शुष्कांशाच्या ६-७ टक्क्यांपलीकडे गेला की पचन बिघडू लागते. उणीव नत्राची आणि उपचार ऊर्जेचा, असा हा प्रकार होय. खनिज मिठात युरिया मिसळून देण्याची रीत तेथे रूढ झाली ती नत्राची ही उणीव भरून काढण्यासाठीच.

पुढे अखंड सोयाबीन व सरकी खुराकात आली. सोयाबीनमध्ये सुमारे पंचमांश तेल आणि तृतीयांशाहून अधिक प्रथिन असते. जनावर पुष्ट झाले, तर श्रेय कोणाचे? तेलाच्या खात्यावर मांडलेले बरेचसे यश प्रथिनाचे असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या बाबतीत व्यवहारातील भाषा अधिक काटेकोर दिसते: मराठीत तेलासकटची ती सरकी व तेल काढल्यावर उरते ती पेंड, पोर्तुगीजमध्येही कापसाचे 'कारोसु' वेगळे आणि 'तोर्ता' वेगळी. नत्र दोहींकडे सारखे राखून तुलना केली, तरच स्नेहाची पारख होईल.

ओहायोत पामक्विस्ट व जेंकिन्स यांनी १९८० नंतरच्या दशकात दुभत्या गाईंसाठी स्निग्धाम्लांचे कॅल्शियम क्षार पुढे आणले. ते कोटीपोटात फारसे विरघळत नाहीत, पुढच्या आम्लधर्मी पोटात सुटे होतात. त्यामुळे तंतूंच्या पचनास होणारा अपाय कमी होतो. मांसाच्या गुरांसाठीही ते वापरले जाऊ लागले, परंतु नत्राची उणीव त्यांनीही भरून निघत नाही. अलीकडे तेलाकडे लक्ष वळले आहे ते मुख्यतः मिथेन वायू घटविण्यासाठी. तशी घट होते हे खरे. तिचा काही भाग मात्र तंतूंचे पचन मंदावल्यामुळे पडतो, आणि वाळल्या गवताच्या महिन्यांत गुराला ते परवडत नाही.