फास्ट चार्जिंगची केबल आणि परका चार्जर

केबल, फास्ट चार्जिंगची : परक्या चार्जरशी जुळणी व सुरक्षितता. एका कंपनीच्या फोनबरोबर आलेली किंवा बाजारातून सुटी घेतलेली जलद चार्जिंगची केबल दुसऱ्याच कंपनीच्या अडॅप्टरला लावली, तर काय होते आणि धोका नेमका कशात असतो, हा या नोंदीचा विषय आहे. नोंद उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावरची ही शहरे. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. सकाळी अंधारात निघून रात्री परतणारा माणूस केबल बॅगेत ठेवतो आणि चार्जर मिळेल तो लावतो : कार्यालयात सहकाऱ्याचा, घरी मुलीचा, पाहुण्याकडे पाहुण्याचा. त्यात ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आणि सॅमसंगने २०२१ च्या सुरुवातीला आपल्या महागड्या फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला. तेव्हापासून खोक्यात केबल एका घरची आणि भिंतीवर अडॅप्टर दुसऱ्या घरचा, हा संसार रूढच झाला.

दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते : ‘फास्ट चार्जिंग येत नाही.’ ग्राहकाला हा बिघाड वाटतो. खरे पाहता ती बहुधा यंत्रणा नीट चालल्याची खूण असते. भ्यायचे ते मंद चार्ज करणाऱ्या जोडीला नव्हे. जी जोडी एकमेकांना न ओळखताही भरपूर प्रवाह वाहू देते, तिला भ्यावे.

हे समजायला आधी एक नावाचा घोळ सोडवावा लागतो. भिंतीत खोचतो त्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, पण तो चार्जर नसतो. तो महावितरणच्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेतून कमी दाबाची एकदिश वीज करून देतो, एवढेच त्याचे काम. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा, कधी कमी करायचा, कधी थांबवायचे, हे ठरवणारा खरा चार्जर फोनच्या आत, बॅटरीशेजारच्या चिपमध्ये बसलेला असतो. अडॅप्टर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो. फोनने त्याच्याच भाषेत जास्त मागितले, तरच तो ९, १० किंवा २० व्होल्टवर चढतो. पंगतीतला आग्रह इथे चालत नाही; पानावरच्याने मागितल्याखेरीज वाढपी डाव उचलत नाही. म्हणून ‘६५ वॅटचा चार्जर लावला तर १८ वॅटचा फोन फुटेल’ ही समजूत चुकीची आहे. वॅट हा अडॅप्टरच्या कुवतीचा आकडा आहे. तो तेवढे ढकलणारच असे नाही.

अडचण भाषांची आहे. क्वालकॉमच्या ‘क्विक चार्ज’ची बोली एक, यूएसबी संघटनेच्या ‘पॉवर डिलिव्हरी’ अर्थात पीडीची दुसरी, आणि ओप्पोच्या ‘वूक’ व ‘सुपरवूक’ची तिसरीच. पहिल्या दोघांनी प्रामुख्याने दाब वाढवला. वूकने दाब ५ व्होल्टच्या आसपास ठेवून प्रवाह ४ अँपिअरपर्यंत नेला, आणि ६५ वॅटच्या सुपरवूकमध्ये १० व्होल्टला साडेसहा अँपिअरपर्यंत मजल मारली. एवढ्या प्रवाहासाठी ओप्पोने केबलही वेगळी केली : जाड तार आणि ओळख पटवणारी जादा पिन किंवा चिप. अशा काही ६५ वॅटच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते : ५ व्होल्ट २ अँपिअर, १० व्होल्ट ६.५ अँपिअर. मधले काही नाही. म्हणजे ओळखीचा फोन आणि ओळखीची केबल असेल तर ६५ वॅट, नाहीतर सरळ १० वॅट. बदलापूरच्या घरात मुलाच्या अडॅप्टरवर वडिलांचा दुसऱ्या कंपनीचा फोन रात्रभर ‘चार्जिंग’ एवढेच दाखवत राहतो, ‘फास्ट’ हा शब्द येत नाही, त्याचे कारण हे. उलट बाजूने वूकची जाड केबल साध्या अडॅप्टरला लावली, तर ती साध्या केबलीसारखी वागते. तिने काही बिघडत नाही.

मग केबल बिघडवते कधी? हा प्रश्न सी-टाइप जोडणीबरोबर आला. ऑगस्ट २०१४ मध्ये आराखडा पक्का झालेल्या या जोडणीत २४ संपर्क आहेत आणि त्यांतला एक फक्त ओळखपाळखीसाठी राखलेला आहे. समोरून किती प्रवाह मिळेल, हे फोन या संपर्कावर वाचतो. ज्या केबलीचे एक टोक जुने चपटे आणि दुसरे सी-टाइप असते, तिच्यात ही खूण केबलीतच बसवावी लागते. ती म्हणजे ५६ किलोओहमचा एक रोधक, आकाराने मोहरीहून लहान. त्याचा अर्थ : ‘पलीकडे साधा पोर्ट आहे, बेताने घे.’ तिथे १० किलोओहमचा रोधक बसवला, तर तीच केबल फोनला सांगते, ‘बिनधास्त ३ अँपिअर ओढ.’ पलीकडे गाडीतला, जुन्या लॅपटॉपचा किंवा स्वस्तातला एक अँपिअरचा पोर्ट असेल तर ताण त्याच्यावर येतो. चांगला पोर्ट स्वतःला बंद करून घेतो, सुमार पोर्ट तापतो. इथे ध्यानात ठेवण्याजोगी गंमत अशी की, केबल खोटे बोलते फोनशी आणि भोगतो परका चार्जर.

असे प्रत्यक्ष घडले आहे. २०१५ मध्ये वनप्लसच्या ‘वनप्लस टू’ या फोनबरोबरच्या केबलीत ५६ च्या जागी १० किलोओहमचा रोधक निघाला. त्या फोनला आणि त्याच्या अडॅप्टरला त्रास नव्हता, इतर उपकरणांच्या बाबतीत होता. कंपनीने ते मान्य करून सुट्या केबलींचे पैसे परत देऊ केले. हे हुडकणारा गूगलचा अभियंता बेन्सन लेउंग त्या काळात ॲमेझॉनवरच्या केबली स्वतः विकत घेऊन एकेक तपासत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला एका फुटकळ कंपनीची अशी केबल मिळाली की तिच्यात विजेची तार आणि परतीची तार उलटसुलट जोडलेल्या होत्या. ती लावताक्षणी त्याचा लॅपटॉप निकामी झाला. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या सी-टाइप केबली विकायला मनाई केली. मंद चार्जिंगने आजवर कुणाचा लॅपटॉप गेलेला नाही.

दोन्ही टोके सी-टाइप असलेल्या केबलीची हद्द ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअर वाहायचे असतील तर केबलीच्या टोकात ओळखचिप असावी लागते. ती ‘मी पाच पेलते’ असे सांगते तेव्हाच पीडीचा अडॅप्टर तेवढे सोडतो. १०० वॅट आणि २०२१ नंतरच्या २४० वॅटच्या केबली या चिपशिवाय होत नाहीत. सॅमसंगच्या काही फोनना ४५ वॅटचे चार्जिंग साध्या ३ अँपिअरच्या केबलीवर मिळत नाही, तेही यामुळेच.

चिप खरे बोलली तरी तार पुरेशी जाड हवी. इथे गणित करून पाहण्यासारखे आहे. स्वस्त केबलीत सापडते ती २८ गेजची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध करते. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलीत हा रोध दुप्पट, ०.४३ ओहम. तिच्यातून ३ अँपिअर नेले तर वाटेतच जवळजवळ १.३ व्होल्ट गळतात आणि पावणेचार-चार वॅटची उष्णता केबलीतच निघते. २२ गेजच्या जाड तारेत हाच हिशेब एका वॅटच्या आत येतो. ५ व्होल्टवर फोनला ही गळती चटकन कळते आणि तो मागणी कमी करतो. ९ व्होल्टवर थोडी घट खपून जाते, केबल कोमट होत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही चालते. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. पण उष्णता मीटरभर पसरलेली असेल तोवर फारसे बिघडत नाही. आग लागते ती टोकाशी. वाकवून वाकवून आतले धागे तुटलेले असतात, पिन सैल झालेली असते, तिथे दशांश ओहमचा खराब संपर्क ३ अँपिअरला वाटाण्याएवढ्या जागेत जवळजवळ एक वॅट ओततो.

उल्हासनगरचा उल्लेख अशा विषयात निघाला की ऐकणारा हसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. पत्ते मात्र अजून कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. बराकीत संसार मांडून या लोकांनी हाताला येईल ते बनवले आणि विकले. ‘मेड इन यूएसए’मधले यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद त्याच काळातला. विनोद जुना झाला, पण केबल विकत घेणारा अजूनही त्याच्याच भरवशावर बसतो : इथली म्हणजे डुप्लिकेट. तसे काही नाही. काउंटरवर माल लागतो तो ‘कंपनीची’, ‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘साधी’ अशा उतरंडीने, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनबाहेरच्या गाळ्यांतही उतरंड तीच असते. प्लास्टिकच्या वेष्टनावरचा ‘६५ वॅट’, ‘१२० वॅट’ हा आकडा छापायला काही लागत नाही. तार हातात घेऊन पाहिली तर जास्त कळते. जाड दिसणारी केबल नुसत्या रबराने जाड असू शकते. वजनाला हलकी आणि वाकवताना पोकळ लागली तर आत तांबे थोडेच आहे.

काउंटरवरच्या दोन वस्तूंबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे : घेऊ नयेत. पहिली, एकात तीन टोके असलेली केबल. तिन्ही टोकांची विजेची तार आत एकच असते. सी-टाइपवरच्या फोनने अडॅप्टरकडून ९ व्होल्ट मागून घेतले, तर शेजारच्या टोकाला लावलेल्या ५ व्होल्टच्या ब्लूटूथ इअरफोनलाही ते न मागता मिळतात. दुसरी, सी-टाइप केबल जुन्या चपट्या सॉकेटमध्ये बसवून देणारा अंगठ्याएवढा कनेक्टर. यूएसबीच्या नियमांत अशा जोडणीला जागाच नाही.

केबलीबद्दल इतके लिहूनही जिवाचा धोका बव्हंशी अडॅप्टरमध्येच आहे, हे सांगावे लागेल. अडॅप्टरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यात छोटा ट्रान्सफॉर्मर आणि काही मिलिमीटरचे मोकळे अंतर असते. पैसे वाचवायचे तर ते इथेच वाचवतात. २०१६ मध्ये ‘यूएल’ या अमेरिकी चाचणीसंस्थेने ॲपलच्या नावाचे ४०० नकली अडॅप्टर तपासले. निरोधनाच्या चाचणीतून जेमतेम ३ पार पडले आणि १२ नग विजेच्या धक्क्याने जीव घेऊ शकतील असे निघाले. अशा अडॅप्टरला कितीही उत्तम केबल लावली तरी ती उत्तम केबल २३० व्होल्टच हातापर्यंत आणू शकते.

भारतात केंद्रीय आदेशाने अशा अडॅप्टरना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची झाली. मानक आयएस १३२५२. अस्सल अडॅप्टरवर बीआयएसच्या चिन्हाबरोबर ‘आर’ हे अक्षर आणि आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव येते. ठोकळ्यावर एक नाव आणि ॲपमध्ये भलतेच, असे निघाले तर तो ठोकळा परत करावा. सी-टाइप जोडणीचे भारतीय मानकही बीआयएसने २०२३ च्या सुरुवातीला जाहीर केले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना सी-टाइप सक्तीचे आहे. टोक एक झाले, बोली अजून एक झालेल्या नाहीत.

या पट्ट्यात पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. उल्हास नदीचे पाणी बदलापुरात २००५ आणि २०१९ च्या जुलैत घराघरांत शिरले होते. पण फोन खराब व्हायला पुराची गरज नाही. छत्रीतून ठिबकलेले पाणी पोर्टमध्ये असताना केबल लावली की पिनांमध्ये विद्युत्-विघटन सुरू होते आणि सोन्याचा मुलामा जाऊन हिरवट-काळी पुटे धरतात. फोनने ओलाव्याची सूचना दाखवली तर अडॅप्टर बदलून पाहणे व्यर्थ आहे. फोन उभा धरून हलकेच झटकावा आणि पंख्याखाली ठेवावा.

ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून चार्जिंगला लावलेल्या फोनची धातूची कड धरली की झिणझिण्या येतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खरखर दाबण्यासाठी बसवलेल्या कपॅसिटरमधून झिरपणारा हा अगदी सूक्ष्म प्रवाह असतो आणि अस्सल अडॅप्टरमध्ये तो निरुपद्रवी असतो. स्पष्ट झटका बसला तर मात्र बोर्डचे बटण आधी बंद करावे, ठोकळा नंतर काढावा, आणि तो पुन्हा लावू नये. एक्स्टेंशन बोर्डवर पाच चार्जर आहेत म्हणून बोर्ड जळत नाही. ६५ वॅटचा अडॅप्टर भिंतीतून अर्धा-पाऊण अँपिअरच घेतो आणि साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. जळते ते सैल सॉकेट. त्याची खूण म्हणजे अडॅप्टरच्या पिनेवरचा तपकिरी डाग आणि बटण दाबताना येणारा चर्र आवाज.

‘केबल बसत नाही, चार्जिंग तुटते’ म्हणून नवी केबल घ्यायला आलेल्या ग्राहकाचा फोन जाणता दुकानदार आधी उजेडात धरतो. खिशातली वर्षभराची धूळ आणि सदऱ्याचे धागे पोर्टच्या तळाशी दाबून बसलेले असतात. फोन बंद करून तो लाकडी टूथपिकने राखाडी बोळा बाहेर काढतो, ग्राहकाचीच जुनी केबल खट् आवाज करून पूर्ण आत जाते आणि पडद्यावर ‘फास्ट’ उमटते. त्याचे पैसे तो बहुधा घेत नाही. नवी केबल तेवढी काउंटरवर राहू देतो.