फाळके, कुंडी आणि वाटाणा

खिडकीपाशी फूल ठेवून फोटो काढत बसणं हा रिकामटेकडा उद्योग वाटतो, पण तो जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या प्लेटा इतक्या मंद की माणसाची मान मागून चिमट्यात धरून त्याला बसवावं लागे. फूल बिचारं हलत नाही. १८५४ च्या सुमारास फ्रान्समधल्या आडोल्फ ब्राउनने फुलांचे तीनशेच्या आसपास फोटो काढले, तेही कापडावर नक्षी काढणाऱ्यांना नमुने म्हणून! गंमत म्हणजे त्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. जास्वंद काळी आणि गोकर्ण फिकट.

असो. आपल्याकडचा खरा किस्सा दादासाहेब फाळक्यांचा. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्यात छापखाना असं सगळं करून झाल्यावर या गृहस्थांना चाळिशीत सिनेमाचं वेड लागलं. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. आता भांडवल हवं. पण हा बाबा सिनेमा करू शकतो यावर सावकाराने विश्वास का ठेवावा? नट नाहीत, सेट नाही, खिशात पैसे नाहीत.

फाळक्यांनी घरी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. महिन्याभराहून थोड्या जास्त दिवसांत, बी रुजून त्याचा वेल होईपर्यंतची मिनिटभराची फिल्म तयार झाली: 'अंकुराची वाढ'.

ही गोष्ट सांगताना बरेच जण म्हणतात, रोज एक फ्रेम घेतली. इथे माझ्यातला इंजिनिअर अडतो. त्या काळचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरा. मिनिटाला झाल्या ९६०. रोज एक घेतली तर अडीच वर्षं लागतील! उलट ३० दिवसांत ३० फ्रेम म्हणजे पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. म्हणजे महिना आणि मिनिट हे दोन्ही आकडे खरे असतील तर दिवसाला तीसेक फ्रेम हव्यात. नुसत्या उजेडात काम केलं तर दर पंचवीस मिनिटांनी एक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकही दिवस सुट्टी नाही. 'रोज एक फ्रेम' ऐकायला गोड आहे, पण त्यात खरी मेहनतच झाकली जाते.

शिवाय उजेड. राजगड-तोरण्याच्या वाटेवर विंझर लागतं, तिथल्या घरी पावसाळ्यात मी खिडकीत मटकी रुजत घातली आणि मोबाईल दर वीस मिनिटांना क्लिक करेल असा लावून ठेवला. एक्स्पोजर लॉक केलेलं. तरी ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. एका स्थिर फुलाला ढगाळ उजेड फार छान, सावल्या मऊ पडतात. पण फ्रेमची रांग लावायची तर तोच उजेड छळतो. माझा मोबाईल निदान रात्री दिवा लावून काम करतो. फाळक्यांकडे हाताने फिरवायचा कॅमेरा होता आणि फिल्म धुतल्याशिवाय काय आलंय ते कळायचं नाही.

लंडनमध्ये पर्सी स्मिथने १९१० मध्ये फुलं उमलतानाची अशीच फिल्म केली होती. पण तिच्यावर कुणाचं घर अवलंबून नव्हतं. इथे आधीच पॉलिशा गेलेल्या, पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. याच बाईंनी नंतर फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं केलं, आणि सिनेमाच्या गप्पांत त्यांचं नाव मात्र क्वचित निघतं.

फाळक्यांनी ही फिल्म निवडक लोकांना दाखवली. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी ती बघून कर्ज द्यायला तयार झाले. कॅमेरा, फिल्म, धुलाई, सगळं याला येतं हे धंद्यातल्या माणसाला एका मिनिटात कळलं असणार. आपण डेमो म्हणतो तो हाच. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.