परावटु ग्रंथींच्या शस्त्रक्रियेनंतरचा स्यूडोगाउट

परावटु ग्रंथी काढून टाकल्यानंतर काही रुग्णांच्या सांध्यांत अचानक उद्भवणारा तीव्र दाह म्हणजे शस्त्रक्रियोत्तर स्यूडोगाउट होय. लक्षणांत गाउटशी साम्य असले, तरी हा विकार वेगळा आहे. गाउटमध्ये सांध्यात युरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, तर यात कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात. अमेरिकन वैद्य डॅनियल मॅकार्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी या विकाराचे वर्णन केले.

कारणे

मानेत अवटु ग्रंथीच्या मागे बहुधा चार परावटु ग्रंथी असतात. त्यांच्या संप्रेरकाचा स्राव अतिरिक्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि सांध्यांच्या कूर्चेत स्फटिक साठण्याचा संभव वाढतो. सदोष ग्रंथी काढल्यावर हे प्रमाण काही दिवसांत झपाट्याने घटते. त्यामुळे साठलेले स्फटिक अंशतः विरघळून कूर्चेतून सुटतात व सांध्यातील द्रवात उतरतात, असे मानले जाते. पांढऱ्या रक्तपेशी त्यांना गिळू लागल्या की दाह सुरू होतो.

लक्षणे

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत सांधा सुजतो, लाल व उष्ण होतो आणि अतिशय दुखतो. गुडघा व मनगट हे सांधे अधिक वेळा बाधित होतात. ज्येष्ठ रुग्णांत, तसेच ज्यांच्या कूर्चेत आधीच कॅल्शियम साठलेले असते त्यांच्यात, हा धोका अधिक असतो. ओठांभोवती व बोटांत मुंग्या येणे, स्नायूंत पेटके येणे ही लक्षणे मात्र सांध्याची नसून रक्तातील कॅल्शियम घटल्याची असतात.

निदान

ताप व सूज यांमुळे हा विकार जंतुसंसर्गासारखा दिसतो. संसर्गाने सांधा अल्पावधीत कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून केवळ लक्षणांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. सांध्यातील द्रव सुईने काढून त्यात जंतू आहेत का, हे तपासतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्यूडोगाउटचे स्फटिक बहुधा समांतरभुज चौकोनी, तर गाउटचे सुईसारखे दिसतात. स्फटिक आढळले तरी संसर्गाची शक्यता संपत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. क्ष-किरण चित्रात कूर्चेतील कॅल्शियमची रेषा दिसू शकते.

उपचार

सांध्याला विश्रांती देणे, द्रव काढणे आणि संसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे, हे प्रमुख उपाय आहेत. कोल्चिसीन व दाहशामक औषधेही वापरतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती जपून द्यावी लागतात. घटलेले कॅल्शियम पूर्ववत करणेही आवश्यक असते. दाह बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत शमतो. त्याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा होत नाही. तथापि, कूर्चेत पूर्वीच साठलेले स्फटिक शस्त्रक्रियेनंतरही सहसा नाहीसे होत नाहीत.