घरात संगणक अनेक, प्रिंटर मात्र एकच
एका प्रिंटरवर साऱ्या घराचे काम कसे चालवावे? वऱ्हाडातील घरांसाठी माहिती

घरात संगणक असणे ही पंचवीस वर्षांपूर्वी अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत कौतुकाची बाब होती. आता चित्र पालटले आहे. मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप, आईच्या शाळेच्या कामाचा दुसरा, वडिलांचा जुना डेस्कटॉप आणि प्रत्येकाच्या हाती मोबाइल, ही मध्यमवर्गीय घराची सर्वसाधारण मांडणी झाली आहे. प्रिंटर मात्र घरात एकच असतो आणि तोही बहुधा एकाच संगणकाला केबलने जखडलेला. ज्याला छपाई हवी त्याने पेन ड्राइव्ह घेऊन त्या संगणकापाशी यायचे, तो बंद असेल तर सुरू होईपर्यंत थांबायचे, नाहीतर कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान गाठायचे, असा शिरस्ता पडून जातो.

दुकानात जाण्यात गैर काही नाही. पण स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र रात्री अकरा वाजता आठवते, तेव्हा दुकान बंद झालेले असते. शिवाय आधार कार्ड, बँकेचे विवरणपत्र किंवा शेतीचा सातबारा दुकानाच्या संगणकावर पाठवला, की त्याची एक प्रत तेथे राहून जाण्याची शक्यता असते. त्यामुळे घरातील एकच प्रिंटर सर्वांना वापरता येणे ही सोयीइतकीच सुरक्षिततेचीही बाब आहे.

झेरॉक्सचेच देणे

एका प्रिंटरचा अनेकांनी वापर करण्याची कल्पना ज्या कंपनीत आकाराला आली, तिचे नाव वऱ्हाडातील प्रत्येक चौकात फलकावर झळकते. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधन केंद्र सुरू केले. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेझर प्रिंटर साकारला. हे यंत्र इतके वेगवान आणि इतके महाग होते, की ते एकाच माणसासाठी ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. केंद्रातील अनेक संगणक या एका यंत्राला जोडायचे कसे, हा प्रश्न बॉब मेटकाफ यांच्यापुढे आला. त्यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणातून ‘इथरनेट’ या जोडणीपद्धतीचा जन्म झाला. आज घरोघरीच्या राउटरला जी चौकोनी टोकाची केबल लागते, ती याच पद्धतीची.

सर्वसामान्यांच्या घरापर्यंत ही सोय यायला बराच काळ गेला. १९९२ मधील ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ने छोट्या कार्यालयांना प्रिंटर सामायिक करण्याची मुभा दिली. भारतातील अनेक कार्यालयांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे खटका फिरवायची स्विच पेटीच वापरात होती. दोन किंवा चार संगणकांच्या जाड केबली या पेटीत येत आणि ज्याची पाळी असेल त्याच्याकडे खटका फिरवावा लागे. वाय-फाय घरात आल्यावर ही पेटी अडगळीत गेली.

मार्ग तीन

पहिला मार्ग म्हणजे प्रिंटर एका संगणकाला यूएसबी केबलने जोडणे आणि त्या संगणकामार्फत इतरांना वापरू देणे. यासाठी नवे काहीही विकत घ्यावे लागत नाही. उणीव एवढीच, की तो संगणक सुरू असेल तरच इतरांची छपाई होते. तो झोपी गेला की सारे अडतात. शिवाय या पद्धतीत केवळ छपाई सामायिक होते. प्रिंटरला स्कॅनर जोडलेला असला तरी तो इतरांना वापरता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रिंटर थेट राउटरशी जोडणे. गेल्या काही वर्षांतील बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये वाय-फायची सोय असते. काहींत इथरनेट केबलची जागाही असते. असा प्रिंटर कोणत्याही एका संगणकावर अवलंबून राहत नाही. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवरून छपाई होते आणि स्कॅनरही बहुधा सर्वांना मिळतो.

तिसरा मार्ग जुन्या, वाय-फाय नसलेल्या प्रिंटरसाठी आहे. ‘प्रिंट सर्व्हर’ नावाची छोटी पेटी एका बाजूने प्रिंटरला आणि दुसऱ्या बाजूने राउटरला जोडली जाते. काही राउटरच्या मागील यूएसबी जागेतही ही सोय असते. मात्र ही पेटी घेण्यापूर्वी आपल्या प्रिंटरचे मॉडेल तिच्या यादीत आहे का, हे पाहणे अगत्याचे आहे. केवळ विंडोजसाठी बनवलेले स्वस्त प्रिंटर पुष्कळदा अशा पेटीशी जुळत नाहीत.

विंडोजवर मांडणी कशी करावी?

पहिला मार्ग पत्करणाऱ्यांनी प्रथम सर्व संगणक एकाच वाय-फायवर आहेत याची खात्री करावी. त्यानंतर ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे, त्यावर पुढील क्रम पाळावा.

१) नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असल्यास तो ‘प्रायव्हेट’ करावा. ‘पब्लिक’ असताना संगणक इतरांना दिसत नाही.

२) ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे.

३) ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये आपला प्रिंटर निवडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथील ‘शेअरिंग’ या भागात ‘शेअर धिस प्रिंटर’ या चौकोनात खूण करावी आणि प्रिंटरला छोटे, मोकळी जागा नसलेले नाव द्यावे.

४) या संगणकावर पासवर्ड असलेले खाते असावे. दुसऱ्या संगणकावरून जोडताना तेच नाव आणि तोच पासवर्ड विचारला जातो. खात्याला पासवर्डच नसेल तर जोडणी नाकारली जाते आणि नेमके काय बिघडले ते कळत नाही.

५) ‘पॉवर’च्या सेटिंगमध्ये जाऊन संगणक आपोआप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी.

दुसऱ्या संगणकावर ‘अॅड डिव्हाइस’ निवडल्यास प्रिंटर यादीत दिसू शकतो. न दिसल्यास दोन उलट्या तिरक्या रेषा, संगणकाचे नाव, पुन्हा एक उलटी तिरकी रेष आणि प्रिंटरचे नाव, असा पत्ता हाताने द्यावा. विंडोज ७ मधील ‘होमग्रुप’ ही सोपी सोय अनेकांच्या स्मरणात असेल. ती २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. तेव्हा जुन्या पुस्तकांतील त्या सूचना आता निरुपयोगी आहेत.

थेट राउटरशी जोडणी करताना

प्रिंटरच्या पडद्यावरून किंवा उत्पादक कंपनीच्या मोबाइल अॅपमधून घराच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दिला, की मुख्य काम संपते. तरीही तीन अडचणी हमखास येतात.

पहिली, कमी किमतीचे अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क सुरू असेल तर प्रिंटरला ते दिसतच नाही. दुसरी, पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर असलेली उपकरणे सहसा एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे प्रिंटर आणि लॅपटॉप दोन्ही मुख्य नेटवर्कवर असावेत. तिसरी अडचण सर्वाधिक छळते. काल चाललेला प्रिंटर आज ‘ऑफलाइन’ दिसतो. राउटर बंद होऊन सुरू झाला, की तो प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागात हा अनुभव नित्याचा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवल्यास ही कटकट मिटते.

मोबाइलसाठी वेगळी खटपट करावी लागत नाही. आयफोनसाठी २०१० पासून ‘एअरप्रिंट’ आहे, तर अँड्रॉइडसाठी २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोप्रिया’ संघटनेची पद्धत आहे. प्रिंटरच्या खोक्यावर ही दोन नावे असली, की बहुतेक काम भागते. येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. घरातल्या घरात छापण्यासाठी इंटरनेट लागत नाही. बाहेरची लाइन बंद असली तरी राउटर सुरू असेल तर छपाई होते. काही मॉडेल्स मात्र सतत इंटरनेट असण्याची अट घालतात. खरेदीपूर्वी ती तपासावी.

मराठी मजकुराची काळजी

दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन छापताना मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, ही जुनी तक्रार आहे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर, तो फाँट ज्या संगणकावर नाही तेथे वाचता येत नाही. प्रिंटर सामायिक केल्यावर हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण पानाची मांडणी पाठवणाऱ्याच्या संगणकावरच होते आणि फाँट तेथे असला की पुरते. मोबाइलवरून किंवा दुसऱ्याकरवी छापायचे असल्यास मजकुराची पीडीएफ करून पाठवावी. तिच्यात फाँट सामावलेला राहतो.

वऱ्हाडचा उन्हाळा, कूलर आणि वीज

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. घरगुती प्रिंटरला मात्र साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंतचे तापमान मानवते. खिडकीपाशी, पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या इंकजेटची शाई लवकर सुकते. उपाय म्हणून तो कूलरच्या झोतात ठेवला, की दुसरीच पंचाईत होते. ओलसर हवेने कागद दमट होतो, त्याच्या कडा वळतात आणि एकाऐवजी दोन कागद आत ओढले जातात. सामायिक प्रिंटरचा येथे एक लाभ आहे. तो संगणकाशेजारी असण्याची सक्ती नसल्याने घरातील सावलीच्या, कोरड्या जागी ठेवता येतो. कागदाचे रीम बंद पिशवीत ठेवावे.

विजेचाही विचार हवा. लेझर प्रिंटर टोनर वितळवण्यासाठी आतील भाग तापवतो आणि त्या क्षणी कित्येकशे वॅट वीज ओढतो. साध्या घरगुती इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर तो जोडू नये. इंकजेटला तुलनेने फारच थोडी वीज लागते. इन्व्हर्टरवर राउटर आणि इंकजेट ठेवल्यास वीज गेल्यावरही लॅपटॉपवरून छपाई करता येते. इंकजेट महिनोन्‌महिने बंद राहिला तर त्याची छिद्रे बुजतात. त्या दृष्टीनेही न वापरलेल्या तीन प्रिंटरपेक्षा सर्वांनी वापरलेला एक प्रिंटर अधिक काळ टिकतो.

सुरक्षितता दुर्लक्षू नये

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचा गंभीर दोष उघडकीस आला आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमधील आणखी एका सुरक्षा अद्यतनानंतर अनेकांच्या सामायिक प्रिंटरची जोडणी तुटली. ‘११बी’ने संपणारा त्रुटी क्रमांक तेव्हा गाजला. पुष्कळांनी ते अद्यतनच काढून टाकले. प्रिंटर सुरू झाला खरा, पण दार उघडे राहिले. दोन्ही संगणक अद्ययावत करणे हा योग्य उपाय होय. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने, तशा जुन्या संगणकाला घराचा प्रिंटर सांभाळायला लावण्याऐवजी प्रिंटर राउटरवर नेणे श्रेयस्कर.

राउटरमधून प्रिंटर बाहेरच्या इंटरनेटला उघडा करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अनोळखी व्यक्तीने असे उघडे प्रिंटर शोधून त्यांवर एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराची पाने छापली. सुमारे ५० हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. प्रिंटरच्या सेटिंग पानाला उत्पादकाने दिलेला पासवर्ड लगेच बदलावा. प्रिंटर विकताना किंवा दुरुस्तीला देताना त्यातील वाय-फायची माहिती ‘रिसेट’ करून पुसून टाकावी.

अमरावतीहून अकोल्याला

आई-वडील अकोल्यात आणि मुले शिक्षणासाठी अमरावतीत, अशा कुटुंबांना दुसऱ्या गावच्या घरी कागद छापून हवा असतो. यासाठीची ‘गुगल क्लाउड प्रिंट’ ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. काही उत्पादक कंपन्या आपापल्या अॅपद्वारे किंवा ई-मेलद्वारे दूरवरून छापण्याची सोय देतात. परंतु त्यात कागद कंपनीच्या सर्व्हरमार्फत जातो, हे ध्यानात ठेवावे. तिकडे मोबाइल हाताळणारे कोणी असेल तर पीडीएफ पाठवून त्यांनाच छापायला सांगणे हा सर्वांत साधा मार्ग ठरतो.

थोडक्यात, दोन संगणकांच्या घरात तात्पुरती सोय हवी असेल तर पहिला मार्ग पुरेसा आहे. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर वाय-फाय आणि शक्य झाल्यास इथरनेटची जागा असलेलाच घ्यावा. प्रिंटर एका माणसाच्या टेबलावरून उठून घराच्या नेटवर्कचा झाला, की रात्री अकराचे प्रवेशपत्र घरच्या घरीच आणि कोणत्याही संगणकावरून छापता येते.