टीव्हीचं पिक्चर सेटिंग: नवा टीव्ही घेण्याआधी एक तास द्या

दिवाळीच्या सेलमध्ये मामाचा फोन आला. "अरे, टीव्ही बदलायचाय. 'तुंबाड' लावला तर निम्म्या वेळेला काही दिसतच नाही, नुसता काळोख. चाळीस हजारांत कोणता घेऊ? हप्त्यावर घेईन." त्याचा टीव्ही चार वर्षांचा, ४३ इंची, फोर-के एलईडी. म्हणजे म्हातारा वगैरे काही नाही. मी म्हटलं, "मामा, रविवारपर्यंत थांब, ऑर्डर देऊ नकोस."

रविवारी जाऊन सेटिंग उघडलं, तर पिक्चर मोड व्हिव्हिड, पॉवर सेव्हिंग चालू, शार्पनेस ८० वर आणि ब्राइटनेस कुणीतरी 'डोळ्यांना त्रास होतो' म्हणून ३५ वर आणलेला. तासाभरात 'तुंबाड'मधला पाऊस आणि वाड्याच्या भिंती दिसायला लागल्या. ऑर्डर रद्द. तो तास कसा गेला, ते इथे सांगतोय. पैसे लागत नाहीत. एक पेनड्राइव्ह, रिमोट आणि थोडा संयम पुरतो.

टीव्ही बॉक्समधून चुकीचा का येतो?

शोरूममध्ये वीस टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात, वर पांढरेफटक दिवे. तिथे जो सर्वात झगझगीत आणि निळसर पांढरा दिसतो, त्याच्याकडे नजर जाते. व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोड त्या गर्दीसाठी बनवलेला असतो, तुमच्या हॉलसाठी नाही.

उलट, सिनेमा किंवा वेब सिरीजचे रंग अंधाऱ्या खोलीत, ठरलेल्या मापाच्या मॉनिटरवर पक्के केले जातात. तिथे पांढरा म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा पांढरा आणि एचडीसाठी रंगांचं माप 'बीटी ७०९'. आपला टीव्ही या मापाच्या जितका जवळ आणू, तितकं दिग्दर्शकाने पाहिलेलं चित्र आपल्याला दिसेल. याचंच नाव कॅलिब्रेशन. 'मला आवडेल तसे रंग' हा वेगळा विषय आहे आणि तोही चालतो, पण आधी मापावर या, मग आवड.

सुरुवात

टीव्ही अर्धा तास चालू राहू द्या. खोलीत तेवढाच उजेड ठेवा, जेवढ्यात तुम्ही नेहमी सिनेमा बघता. मग पॉवर सेव्हिंग, इको मोड आणि उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस, हे तिन्ही बंद करा. हे चालू राहिले तर तुम्ही एक आकडा लावाल आणि टीव्ही मागून दुसराच करेल.

आता पिक्चर मोड. मूव्ही, सिनेमा, एक्स्पर्ट किंवा फिल्ममेकर, यांपैकी जो असेल तो निवडा. सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडतो. बाकी काही करायचा कंटाळा आला तर एवढं करून थांबलात तरी चालेल. कलर टेम्परेचर 'वॉर्म' ठेवा. वॉर्म १, वॉर्म २ असे पर्याय असतील तर बहुतेक टीव्हींवर शेवटचा वॉर्म मापाच्या जवळ असतो.

आणि आता घरातले सगळे ओरडतील, "पिवळं झालं!" ओरडू द्या. फोनवरही हेच असतं. सॅमसंगच्या फोनमध्ये डिस्प्लेला व्हिव्हिड आणि नॅचरल असे दोन मोड येतात, आणि व्हिव्हिडची सवय झालेल्याला नॅचरल मरगळलेलं वाटतं. दोन दिवस वॉर्मवर बघा, मग पुन्हा व्हिव्हिड लावून पाहा. माणसांचे चेहरे निळसर वाटायला लागतील.

बॅकलाइट, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट: इथेच सगळे फसतात

मामाच्या घरचा घोळ इथलाच. नावं फसवी आहेत.

बॅकलाइट म्हणजे पॅनेलमागच्या दिव्याचा जोर. डोळ्यांना त्रास होत असेल तर हा कमी करायचा. ब्राइटनेस नावाचं सेटिंग मात्र, नाव काहीही असो, काळा रंग किती काळा हे ठरवतं. तो जास्त खाली आणला की सावलीतले केस, काळे कपडे, रात्रीची झाडं सगळं एकाच काळ्या डागात बुडतं. फार वर नेला की काळा राखाडी होतो आणि चित्रावर धूर पसरल्यासारखं वाटतं. कॉन्ट्रास्ट दुसरं टोक सांभाळतो, म्हणजे पांढरं. तो अति झाला की ढग आणि पांढरा शर्ट यांच्यातले बारकावे उडतात.

आणखी एक गंमत: सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीवर 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट, आणि काळ्या रंगासाठी 'ब्लॅक लेव्हल' वेगळं असतं. म्हणून नाव न बघता स्लायडर हलवून पाहा. सगळी स्क्रीन उजळ-मंद होतेय की फक्त अंधारातला भाग बदलतोय?

नेमकं माप लावायला 'एव्हीएस एचडी ७०९' नावाचा टेस्ट पॅटर्नचा संच मोफत मिळतो. त्याच्या एमपी-फोर फाइल्स पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. फोनवरून स्क्रीन मिररिंग करू नका. त्यात चित्र पुन्हा कॉम्प्रेस होतं आणि काळ्या-पांढऱ्याची पातळीही बदलू शकते.

ब्लॅक क्लिपिंगच्या पॅटर्नमध्ये आकडे लिहिलेल्या उभ्या पट्ट्या लुकलुकतात. व्हिडिओमध्ये १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. तेव्हा १७ पासून पुढच्या पट्ट्या जेमतेम दिसाव्यात, १६ आणि त्याखालच्या अजिबात नाही. खोलीत थोडा उजेड असेल तर १८-१९ पासून दिसल्या तरी पुरे. व्हाइट क्लिपिंगमध्ये २३४ पर्यंतच्या पट्ट्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करा. दोन्ही एकमेकांवर थोडा परिणाम करतात, म्हणून एकदा पुन्हा फिरून तपासा.

शार्पनेस

शार्पनेस वाढवल्याने चित्रात नसलेली माहिती येत नाही. टीव्ही फक्त कडांना पांढरी किनार काढतो. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं जवळून पाहा, भोवती पांढरट वलय असेल तर ते जाईपर्यंत खाली या. बऱ्याच टीव्हींवर हे शून्याजवळ जमतं. सोनीवर मात्र ५० हा तटस्थ आकडा आहे, तिथे शून्यावर गेलात तर चित्र भुरकट होईल.

सिनेमा सिरियलसारखा का दिसतो?

सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट होतो. नवे टीव्ही दोन फ्रेम्सच्या मध्ये स्वतःच्या मनाने नव्या फ्रेम्स घालतात, हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत होते आणि कोट्यवधींचा सेट स्टुडिओतल्या सिरियलसारखा वाटायला लागतो. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी फिल्ममेकर मोड जाहीर झाला, त्यात हे सगळं आपोआप बंद राहतं.

बंद करायचं सेटिंग शोधणं हीच खरी डोकेदुखी. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, इतर अनेकांवर एमईएमसी. क्रिकेटसाठी ते चालू ठेवायला माझी हरकत नाही. मामा ठेवतो.

एचडीआरला हात लावताना

एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनचा व्हिडिओ लागला की टीव्ही वेगळी सेटिंग वापरतो, आणि त्यात बॅकलाइट मुद्दाम पूर्ण वर असतो. तो कमी करू नका. साध्या चित्राचं स्टुडिओतलं माप १०० निट्स, तर एचडीआर बऱ्याचदा १००० निट्स धरून बनवतात. स्वस्त टीव्ही तिथपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे त्यावर एचडीआर उलट अंधारं दिसू शकतं. तिथे सेटिंगचा दोष नसतो, पॅनेलची ताकद तेवढीच असते.

फोन किती कामाचा?

फोनने टीव्हीचा फोटो काढून 'बघ किती फरक पडला' असं पाठवू नका. कॅमेरा स्वतःचा व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लावतो, त्यावरून काहीच ठरत नाही. अपवाद एक: ॲपल टीव्ही फोर-के असेल तर फेस आयडीवाला आयफोन स्क्रीनसमोर धरून रंगांचा तोल लावता येतो. ही सोय २०२१ मध्ये आली. ती त्या बॉक्समधून येणारं चित्र सुधारते, टीव्हीचं सेटिंग बदलत नाही.

इंटरनेटवर कुणीतरी दिलेले व्हाइट बॅलन्सचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलमध्येही फरक असतो. ते काम मोजणाऱ्या उपकरणाशिवाय होत नाही. पिक्चर मोड आणि मोशनचे पर्याय उतरवायला मात्र हरकत नाही.

बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक एचडीएमआय आणि आतल्या ॲप्सचं सेटिंग वेगळं साठवलं जातं. नेटफ्लिक्स नीट केलं म्हणजे सेट-टॉप बॉक्स नीट झाला असं नाही. 'सगळ्या इनपुटला लावा' असा पर्याय असेल तर तो वापरा. शेवटी मेन्यूच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा, कारण कधी अपडेटनंतर, कधी कुणाच्या हातून सगळं मूळ जागी जातं. मामाकडे आठवड्यातच पुन्हा व्हिव्हिड लागलं होतं, मामी म्हणाली साड्यांचे रंग फिके वाटत होते. मग सेट-टॉप बॉक्सच्या इनपुटला स्टँडर्ड मोड ठेवला आणि ॲप्सना सिनेमा. दोघंही खूश आहेत.