अर्धा किंवा पाऊण

वॉकर्टन हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं, पाच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. भोवती शेती आणि गोठे. मे 2000 मध्ये तिथल्या नळाचं पाणी पिऊन 2300 हून अधिक माणसं आजारी पडली, सात दगावली. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाने पुढे त्या पंधरवड्याचा बारीक हिशेब लावला. त्याच्या आधारे खालचे तास उलटे मोजले आहेत, रविवार, 21 मे, दुपारी दीडपर्यंत. त्या वेळी 'पाणी उकळून प्या' अशी सूचना निघाली. शून्य तिथे धरण्यात एक खोट आहे, तीही आधीच सांगून टाकतो. दीड वाजता वाजला तो नुसता भोंगा. घात त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता.

207 तास आधी. शुक्रवार, 12 मे, रात्री पावणेअकरा

पाच दिवस पाऊस चालू आहे. 8 ते 12 मे या काळात एकूण 134 मिलिमीटर, त्यातला 70 एकट्या आजच्या दिवसाचा. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण वॉकर्टनच्या जमिनीला तो पेलवला नाही.

गावाला पाणी तीन विहिरींचं: 5, 6 आणि 7 नंबरची. विहीर म्हणजे आपल्याकडची बांधीव विहीर नव्हे, केसिंग टाकलेली बोअर. त्यातली 5 नंबरची गावाच्या कडेला, शेताला लागून आहे. तिचं केसिंग जेमतेम पाच मीटर खोल, आणि पाणी येतं पाच ते आठ मीटरवरच्या भेगाळलेल्या खडकातून. वर मातीचा थरही पातळ. 1978 साली ही बोअर घेतली तेव्हाच जमिनीवरचं पाणी तिच्यात उतरतं याच्या खुणा चाचणीत दिसल्या होत्या. तरी प्रांताच्या पर्यावरण खात्याने मंजुरी दिली आणि देताना पुरेशी अटही घातली नाही.

शेजारच्या शेतात एप्रिलच्या अखेरीस गुरांचं शेणखत टाकलेलं होतं. तो शेतकरी नियमाला धरून वागला होता, त्याच्यावर आयोगाने कसलाही ठपका ठेवला नाही. शेतात शेणखत टाकायचं नाही तर कुठे टाकायचं? पावसाने त्यातले जंतू खडकाच्या भेगांत उतरवले: कॅम्पिलोबॅक्टर, आणि ई. कोलायचा ओ157:एच7 हा घातक प्रकार.

पावणेअकराला 5 नंबरचा पंप बंद होतो.

191 तास आधी. शनिवार, 13 मे, दुपारी सव्वादोन

पंप पुन्हा चालू होतो.

पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी स्टॅन कोबेल 5 तारखेपासून बाहेरगावी आहे. विहिरींची रोजची फेरी त्याचा भाऊ फ्रँक मारतो. तो फोरमन आहे. फेरीत करायचं काम मोठं नाही. पाणी किती उपसलं, क्लोरीन किती गेलं हे लिहायचं, आणि पाण्याचा नमुना घेऊन त्यात क्लोरीन किती शिल्लक आहे ते तपासायचं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणीवाला 'ओटी टेस्ट' करतो, नळीतल्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो, तीच ही जात. वेळ लागतो तो काही मिनिटांचा.

सगळी गोम 'शिल्लक' या शब्दात आहे. क्लोरीन किती घातलं याला फारसा अर्थ नाही. पाण्यात घाण असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं. स्वच्छ पाण्यात जेवढं घातलं त्यातलं बरंच उरतं, शेणाचा अंश आलेल्या पाण्यात काहीच उरत नाही. म्हणून शिल्लक क्लोरीनची चाचणी एकाच वेळी दोन गोष्टी सांगते: जंतू मरताहेत की नाही, आणि विहिरीत आज काही वेगळं आलंय का. ऑन्टारिओचा दंडक होता पंधरा मिनिटांनंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक. आदल्या दिवशी जे काही 5 नंबरमध्ये उतरलं होतं, त्याने हे क्लोरीन गिळून टाकलं होतं. त्या दुपारी कोणी नळीत पाणी धरलं असतं, तर रंगच आला नसता.

कोणी धरलं नाही. त्यात त्या दिवसापुरतं विशेष काही नव्हतं. वॉकर्टनमध्ये ही चाचणी वर्षानुवर्षं बहुतेक दिवशी होतच नव्हती. रोजच्या पत्रकात शिल्लक क्लोरीनच्या रकान्यात आकडा मात्र पडायचा: 0.5 किंवा 0.75. अर्धा किंवा पाऊण. पाऊस असो, बर्फ असो, पंप बदललेला असो, पाणी आपलं अर्धा किंवा पाऊण. ज्याने म्हणून पाण्याचं रजिस्टर पाहिलंय त्याला ठाऊक असतं की खरे आकडे वेडेवाकडे असतात. 0.43, 0.61, एखाद दिवशी 0.2. अशी शिस्तीत उभी राहिलेली रांग पाहूनच तपासनिसाला शंका यायला हवी होती. पर्यावरण खात्याचे तपासनीस येऊन गेले होते, आणि रांग तशीच राहिली.

हे भाऊ लबाड होते असं म्हणून मोकळं होता येत नाही, आणि इथेच हे प्रकरण अवघड होतं. दोघे सत्तरच्या दशकात तरुणपणी कामाला लागले, हाताखाली शिकले. परवाने मिळाले ते जुन्या अनुभवावर, परीक्षा न देता. गावकऱ्यांची तक्रार असायची ती पाण्याला क्लोरीनचा वास येतो अशी. हे दोघे स्वतः विहिरीचं कच्चं पाणी पीत होते आणि त्यांना कधी काही झालं नव्हतं. आपलं पाणी चांगलंच आहे, असा त्यांचा मनापासून विश्वास होता. रकाना भरायचा तो वरच्यांसाठी.

151 तास आधी. सोमवार, 15 मे, सकाळी सहा

स्टॅन कामावर परततो आणि 7 नंबरची विहीर सुरू करतो. तिचा जुना क्लोरिनेटर काढलेला आहे, नवा आणून ठेवलाय पण बसवलेला नाही. तो बसला असेल अशा समजुतीने त्याने पंप चालू केला असावा. काही तासांत खरं कळतं. पंप तरी चालूच राहतो.

दुपारी सव्वाला 5 नंबरची बंद होते. म्हणजे जिच्यातून विष आलं ती विहीर थांबली, पण का थांबायला हवी होती हे कोणालाच माहीत नाही. आता गावाला पाणी फक्त 7 नंबरचं, क्लोरीनचा थेंबही न घातलेलं. नळांमध्ये शनिवार-रविवारचं पाणी आहे, आणि त्यामागून येणाऱ्या पाण्यात जंतू मारायला काही नाही.

याच दिवशी आठवड्याचे नमुने भरले जातात. बाटल्यांवर नाव 7 नंबरचं, पाणी बहुधा 5 नंबरजवळच्या वर्कशॉपच्या नळाचं. तिथे नमुने असेच भरायची रीत होती. या एका वेळेला त्या कामचुकारपणाचा उपयोग झाला असं म्हणावं लागतं. खोट्या लेबलाच्या बाटलीत खरं पाणी गेलं.

सुमारे 100 तास आधी. बुधवार, 17 मे, सकाळ

प्रयोगशाळेतून स्टॅनला फोन: नमुन्यांत ई. कोलाय आहे. मागोमाग फॅक्स.

प्रयोगशाळेने आणखी कोणाला कळवलं नाही, ना पर्यावरण खात्याला ना आरोग्य विभागाला. ती खासगी होती, अहवाल ज्याचा त्याला द्यायचा अशी तिची समजूत होती. 1996 पर्यंत पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळा होत्या. माइक हॅरिस यांच्या प्रांतिक सरकारने ते काम खासगी हातांत दिलं, आणि देताना 'पाणी दूषित निघालं तर आरोग्य अधिकाऱ्याला कळवा' असा कायदा करायचा राहून गेला. एक मार्गदर्शक सूचना होती, पण ती या प्रयोगशाळेला ठाऊक नव्हती.

फॅक्स स्टॅनकडेच राहतो.

72 तास आधी. गुरुवार, 18 मे

ई. कोलायच्या या प्रकाराला पोटात मूळ धरायला तीन-चार दिवस लागतात. ते आता भरले. मदर टेरेसा शाळेत वीसेक मुलं गैरहजर. त्यांतली दोन ओवेन साउंडच्या रुग्णालयात दाखल, एकाला रक्ताचे जुलाब. गावातून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन येऊ लागतात. पाणी बरं आहे, असं उत्तर मिळतं.

48 तास आधी. शुक्रवार, 19 मे, दुपार

ओवेन साउंडच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना या मुलांत ई. कोलायचा संशय येतो आणि त्या आरोग्य विभागाला कळवतात. या जंतूवर प्रतिजैविक देणंही धोक्याचं मानलं जातं. त्याचं विष मूत्रपिंडं निकामी करतं, आणि सगळ्यात आधी लहान मुलांची.

आरोग्य विभागातून स्टॅनला फोन जातो. पाण्यात काही गडबड आहे का? पाणी ठीक आहे असं मला वाटतं, तो सांगतो. फॅक्स येऊन दोन दिवस झालेत.

तो का बोलला नाही? आयोगाला दिसलेलं कारण अगदी क्षुल्लक आहे. 7 नंबर क्लोरिनेटरशिवाय चालवल्याचं उघड झालं असतं. ई. कोलायने माणूस मरतो हे त्याला माहीत नव्हतं. खरडपट्टी निघेल एवढंच त्याला दिसत होतं. त्या दिवशी क्लोरिनेटर बसवून तो नळ धुवायला आणि पाण्यात भरमसाट क्लोरीन सोडायला लागतो, गुपचूप. सोमवारपर्यंत सगळं निस्तरेल अशी त्याची अटकळ असणार.

आरोग्य विभाग मग अन्नाच्या मागे लागतो. हा जंतू अर्धवट भाजलेल्या मांसातून येतो हे तेव्हा प्रसिद्धच होतं.

24 तास आधी. शनिवार, 20 मे

व्हिक्टोरिया डेची जोडसुट्टी. एका मुलाच्या शौचाच्या तपासणीत ओ157:एच7 असल्याचं प्राथमिक निदान होतं. आरोग्य विभाग स्टॅनला पुन्हा दोनदा विचारतो. तो आजच्या क्लोरीनचे आकडे देतो, आणि ते खरेही आहेत. सोमवारच्या नमुन्यांबद्दल अवाक्षर नाही.

जुलाब झालेल्याला कोणीही भरपूर पाणी प्यायला सांगतं. वॉकर्टनमध्ये ते पाणी नळाचंच होतं.

पर्यावरण खात्याच्या आपत्कालीन केंद्रात निनावी फोन येतो: वॉकर्टनचे नमुने नापास झालेत. फोन करणारा पाणीपुरवठ्यातलाच कर्मचारी. केंद्र शहानिशा करायला कोणाला विचारतं? स्टॅनला. तो बोलण्याचा रोख नव्या पाइपलाइनच्या कामाकडे वळवतो, नापास झाले ते तिथले नमुने असा समज करून देतो.

0. रविवार, 21 मे, दुपारी दीड

पाणी दूषित असल्याचा कागद आरोग्य विभागाच्या हातात अजूनही नाही. रुग्ण वाढताहेत आणि ते सगळे एकाच गावचे आहेत, एवढ्यावर आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांच्या विभागाने निर्णय घेतला: पाणी उकळून प्या. हा निर्णय योग्य होता आणि धाडसाचाही. पण तो गेला स्थानिक रेडिओवरून, घरोघर पत्रक वाटलं नाही. त्या दिवशी निम्म्याच गावाला तो कळला. बाकीच्यांतले काही जण तेच पाणी पीत राहिले.

नंतर

सोमवारी, 22 तारखेला, पहिला मृत्यू झाला. त्याच सुमारास स्टॅनच्या सांगण्यावरून फ्रँकने 7 नंबरच्या विहिरीचं पत्रक बदललं. क्लोरीनशिवायचे दिवस कागदावरून गेले. मंगळवारी आरोग्य विभागाच्या स्वतःच्या नमुन्यांतही ई. कोलाय निघाला, आणि ते सांगितल्यावर स्टॅनने 15 तारखेच्या नमुन्यांच्या फॅक्सची कबुली दिली. 27 जणांची मूत्रपिंडं धोक्यात आली, त्यात चिमुरडी मुलं जास्त.

लोकांच्या लक्षात राहिलं ते शुक्रवारचं खोटं. चीड यावी असंच ते आहे. पण आयोगाने त्याचीही किंमत काढली. 19 मेला स्टॅन खरं बोलला असता आणि सूचना तेव्हाच निघाली असती, तर 300 ते 400 माणसं आजारी पडायची वाचली असती. मृत्यू मात्र त्यातून एखादाही टळला असता याची शक्यता फार कमी. मरणाऱ्यांच्या पोटात ते पाणी तोवर गेलेलं होतं. शनिवार-रविवारी, 13 आणि 14 मेला नळीत रंग पाहिला असता, तर साथीचा आवाका खूपच घटला असता. आणि 5 नंबरवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी, बिनसलं तर आपोआप पंप थांबवणारी यंत्रं असती, तर साथ आलीच नसती. ती बसवायला लावणं पर्यावरण खात्याचं काम होतं, कोबेल बंधूंचं नव्हे.

शिक्षा बंधूंना झाली. 2004 मध्ये दोघांनी सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा कबूल केला, स्टॅनला एक वर्ष तुरुंगवास आणि फ्रँकला नऊ महिने घरकैद. नमुना नापास झाला की प्रयोगशाळेने आरोग्य अधिकाऱ्यालाही कळवलंच पाहिजे हा नियम ऑन्टारिओने ऑगस्ट 2000 मध्ये केला. तेव्हाही वॉकर्टनमध्ये पाणी उकळूनच पीत होते. ती सूचना मागे घेतली गेली 5 डिसेंबरला.