माकडावरचा आळ

मुलचेऱ्याच्या शाळेत मी विचारतो, "गोचीड कोणी पाहिली आहे?" सगळा वर्ग हात वर करतो. बैलाच्या कानामागची गोचीड काढणे हा इकडे घरोघरचा उद्योग. तिने माणूस मरतो म्हटले की मुले हसतात. मग मी क्यासनूरची हकीकत सांगतो.

१९५७ साली म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात वानरे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने फणफणली. अंग ठणके, काहींच्या नाकातोंडातून रक्त येई. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. दक्षिण अमेरिकेत वानरे अशी मरतात ती पीतज्वराने, आणि तो तर भारतात कधीच आला नव्हता! पण डॉ. टेलफोर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेला विषाणू निराळाच निघाला. त्याचे भाऊबंद थेट रशियाच्या अरण्यातले. स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असेल काय? या शंकेपायी सालिम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही; पक्षिशास्त्राची मात्र चंगळ झाली.

खरी वाहक ठरली रानातली बारीक गोचीड. तिची पिल्ले आजारी वानराचे रक्त पितात, वानर मरताच खाली गळतात, आणि कोरड्या दिवसांत खसखशीएवढी होऊन माणसाला डसतात. माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात. पण बिचारे माकड तर पहिला बळी!

मग गोचिडी वाढल्या कशाने? डॉ. होर्हे बोशेल यांनी १९६९ साली बोट ठेवले ते आपल्याच गोठ्याकडे. रान तोडून वस्ती झाली, गुरे रानात चरू लागली. गुरांना हा रोग होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात आणि रानभर अंडी घालतात. हे वाचून मी आमच्या बैलांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले, हे कबूल करतो.

पुढे हा ताप सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे सरकला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याने माणसे नेली. तेही ऐन काजूच्या हंगामात, म्हणजे वर्षाची कमाई रानात पडलेली असताना. घरी बसा म्हणणे सोपे. चूल कशी पेटायची? जुनी लस फारशी गुणकारी ठरेना, आणि २०२२ साली तीही बंद झाली. तिकडे काजूवाल्या बायांना सांगितले गेले ते इतकेच : हातापायांना गोचीड-प्रतिबंधक तेल चोळा, घरी येताच गरम पाण्याने अंग धुवा, आणि मेलेले वानर दिसले तर जवळ न जाता आधी दवाखान्यात कळवा.